बगळ्याच्या पोटात कोण कोण

हिवाळा आला की आमच्या बर्डिंग ग्रुपमधले सगळे मोठमोठ्या लेन्सा घेऊन धुपदाळला पळतात, घटप्रभेच्या पाण्यावर कांड्या करकोचे उतरलेत का ते बघायला, आणि मीही जाते, पण मला हल्ली वर कमी आणि खाली जास्त बघायची खोड लागलीय. खाली म्हणजे शिटांकडे. यावरून माझी यथेच्छ टिंगल होते, कोण म्हणतं "ही बघ आली, गू-तज्ज्ञ", कोण म्हणतं "ताई, करकोचा मागं उडून गेला की!" पण मी दिवसभर बेळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये माणसांचे असलेच नमुने हाताळते, त्यामुळं पक्ष्यांची शीट बघून नाक मुरडायचा प्रश्नच येत नाही. उलट मला तिच्यात जाम इंटरेस्ट आहे, कारण गेली काही वर्षं जंगली पक्ष्यांच्या आतड्यात कुठले जिवाणू राहतात आणि ते तिथं कसे ठरतात यावर जगभर भरपूर काम झालंय आणि त्यातून जे निघालंय ते माझ्या डोक्यातल्या सगळ्या अंदाजांना सुरुंग लावणारं आहे.

आता थोडक्यात. माणूस असो, म्हैस असो नाहीतर साळुंकी, सगळ्यांच्या आतड्यात जिवाणूंची अख्खी वस्ती असते, ती अन्न पचवायला मदत करते, काही जीवनसत्त्वं बनवते, रोगाच्या जंतूंना जागा मिळू देत नाही, शरीराच्या प्रतिकारशक्तीला शिकवते वगैरे. हिला मायक्रोबायोम म्हणतात हे आता व्हॉट्सॲपवरच्या दह्याच्या फॉरवर्डमुळं सगळ्यांना माहीत झालंय. माझ्या लॅबमध्ये आम्ही मॅकाँकी प्लेटवर, म्हणजे जिवाणू उगवायच्या तबकडीवर, नमुना लावतो, दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी-गुलाबी ठिपके उगवलेले असतात, ई. कोलाय, झालं. पण हा ई. कोलाय म्हणजे आतड्यातल्या गर्दीतला एक बडबड्या नुसता, खरी बहुसंख्य मंडळी हवेतल्या ऑक्सिजननं मरतात, ती प्लेटवर उगवतच नाहीत. म्हणून संशोधक उगवायच्या भानगडीत न पडता सरळ डीएनए वाचतात. प्रत्येक जिवाणूत १६एस नावाचा एक जीन असतो, त्याच्यावरून कोण कुठल्या घराण्यातला ते ओळखता येतं, १९७७ मध्ये कार्ल वूझनं याच रेणूची तुलना करून जीवसृष्टीची एक नवीनच शाखा शोधून काढली होती, तीच युक्ती इथं वापरतात.

आणि नमुना मिळवायची पद्धत तर मला फारच आवडते. पक्ष्याला बारीक जाळीत धरतात, पायात रिंग घालायच्या आधी कागदाच्या स्वच्छ पिशवीत काही मिनिटं ठेवतात, घाबरलेला पक्षी बहुतेक वेळा तिथंच शिटतो, की झालं काम. तुम्ही कधी होल्याची ताजी शीट नीट बघितलीय का? हिरवट-तपकिरी अशी एक गुंडाळलेली वळी असते आणि वर पांढरी टोपी. जिवाणू बघायचे तर ती वळी महत्त्वाची, पांढरं म्हणजे युरिक ॲसिड, पक्ष्याची लघवीच ती, आणि ती डीएनएच्या टेस्टमध्ये खोडा घालते. शिवाय जमिनीवर पडलेली शीट उचलली तर त्यात मातीतले जिवाणू पण येतात, मग पक्ष्याचे कुठले नि शेताचे कुठले, बसा निवडत. म्हणून ती पिशवी.

तर मूळ प्रश्न असा, की एखाद्या पक्ष्याच्या पोटात अमुकच जिवाणू का असतात? तो कुठल्या जातीचा आहे म्हणून, काय खातो म्हणून, कुठं राहतो म्हणून, की कुणाच्या घरट्यात वाढला म्हणून?

सस्तन प्राण्यांचं उत्तर त्यातल्या त्यात सरळ आहे. तिथं घराणं बोलतं. जवळच्या नात्यातल्या प्राण्यांची पोटं आतून पण सारखी असतात. पांडाचंच बघा ना, बिचारा आयुष्यभर बांबू चघळतो पण पोटातली जिवाणूंची वस्ती मात्र गवत खाणाऱ्या जनावरांसारखी नाही, ती अजून अस्वलाच्याच वळणाची, २०१५ च्या एका अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. घराणं सुटत नाही म्हणतात ते असं. मला वाटायचं पक्ष्यांचं पण असंच असणार, बदकांचं बदकांसारखं, कावळ्यांचं कावळ्यांसारखं, चहा घ्या घरी जावा.

पण २०२० मध्ये एमबायो नावाच्या जर्नलमध्ये सुमारे ९०० प्रजातींच्या कणा असलेल्या प्राण्यांची तुलना छापून आली, पक्षी, सस्तन, सरपटणारे, बेडूक सगळे एकत्र घेऊन, आणि त्यात दिसलं की सस्तनांमध्ये नातं आणि आहार दोन्हींचा ठसा ठळक उमटतो तर पक्ष्यांमध्ये दोन्हींचा फिका. आणि दुसरी गंमत म्हणजे वटवाघळं. वटवाघूळ हे पक्कं सस्तन, पिल्लाला दूध पाजणारं, पण त्याच्या पोटातली वस्ती इतर सस्तनांपेक्षा पक्ष्यांच्या जवळ जाणारी निघाली! म्हणजे लाखो-करोडो वर्षांचं नातं एकीकडं आणि पंख एकीकडं, आणि पंख जिंकले.

हे वाचताना मला एकदम बारापेडेच्या गुहा आठवल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडचं अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालं, त्याच्या पोटात या गुहा आहेत आणि तिथं रॉटनचं वटवाघूळ राहतं, जे कित्येक दशकं सगळ्या जगात फक्त या एकाच ठिकाणी माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात पण सापडलं. आमच्या भागातल्या लोकांना गोव्याचा कुठला बीच कुठं आहे ते पाठ, पण हे माहीत नसतं, असो. तर त्याच रानात वर धनेश उडतोय, खाली गुहेत वटवाघूळ लटकलंय, एकमेकांचं सात पिढ्यांत नातं नाही, आणि आतड्याच्या हिशेबात मात्र उडणारे सगळे एका बाजूला.

असं का व्हावं? उडायचं म्हणजे वजन कमी ठेवायचं, आणि भरलेलं पोट म्हणजे मोठं ओझं. गाय चार कप्प्यांत गवत घेऊन दिवसभर रवंथ करत बसू शकते, चिमणीला ते परवडणारं नाही. उडणाऱ्या प्राण्यांचं आतडं त्याच आकाराच्या न उडणाऱ्यांपेक्षा लहान असतं, आणि ती कसर भरून काढायला त्यांच्यात साखरेसारखे छोटे रेणू आतड्याच्या पेशींमधल्या फटींतून सरळ रक्तात शिरतात, अर्जेंटिनाच्या काविएदेस-विदाल आणि मंडळींनी २००७ मध्ये हे पक्षी आणि वटवाघळं दोन्हींत दाखवलं. म्हणजे जिवाणूंच्या जिवावर बसून राहण्यापेक्षा पटकन शोषा आणि बाहेर टाका. आमच्या परसातल्या चिकूवर बांडगूळ वाढलंय, त्याची फळं फुलटोच्या खातो, आणि ती बी अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्या बाजूनं चिकट दोऱ्यासारखी बाहेर येते, तो शेपूट फांदीवर घासून घासून ती चिकटवतो, अगदी तीन फुटांवरून बघितलंय मी हे. आता सांगा, इतक्या घाईच्या रस्त्यावर जिवाणूंनी संसार थाटायचा कधी? येणारे-जाणारे प्रवासीच जास्त. आणि प्रवासी म्हटले की ते कुठून चढले याला महत्त्व येणारच.

पहिले प्रवासी चढतात ते पिल्लू अंड्यातून बाहेर पडताना. इथं पण सस्तनांशी फरक आहे. आपलं बाळ जन्मतानाच आईकडून जिवाणू घेतं, मग दुधातून घेतं, म्हणजे आईकडून लेकराकडं अशी सरळ वाटणीच. पक्ष्याचं पिल्लू कवचातून येतं, आत अगदीच कोण नसतं का थोडे असतात यावर अजून वाद आहेत, पण खरी भरती बाहेर आल्यावर होते, घरट्यातल्या काड्यांवरून, आईबापाच्या चोचीतून, आणलेल्या अळीवरून. पारव्या-होल्यांसारखे मोजके पक्षी सोडले तर दूधबीध काय नाही, पारव्या-होल्यांत मात्र आई आणि बाप दोघं गळ्याच्या पिशवीत दह्यासारखं घट्ट दूध बनवतात आणि पिल्लाच्या घशात ओततात, त्यातून जिवाणू पण जातात.

पोल्ट्रीवाल्यांना हे सगळं फार पूर्वीपासून माहिताय. माझ्या मामाची खानापूरकडं छोटी शेड आहे. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं येतात, पिवळीधमक, पुठ्ठ्याच्या खोक्यात चिवचिवाट, त्यांनी आपली आई जन्मात बघितलेली नसते. मग त्यांच्या पोटात पहिले कोण शिरणार? खाली अंथरलेल्या भाताच्या तुसातले, पाण्याच्या भांड्यातले, मामाच्या हातावरचे. १९७३ मध्ये नूर्मी आणि रांताला या फिनलंडच्या दोघांनी नेचरमध्ये छापलं, की नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातला माल पाजला तर साल्मोनेला या रोगाच्या जंतूला त्यांच्या पोटात पाय रोवता येत नाही. खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरतात ना, तसं, चांगल्या मंडळींनी आधीच सीटा धरल्या की नंतर चढलेल्या गुंडाला उभंच राहावं लागतं. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे काय गं, घरच्या कोंबडीमागं फिरणारी पिल्लं कधी आजारी पडत न्हाईत आन् शेडातली पडतात, ते हेच व्हय?" आता मामाची गावठी कोंबडी पण मरते बऱ्याचदा, पण मुद्दा त्यानं बरोबर पकडला.

मामाकडचीच अजून एक गोष्ट. कोंबडीची शीट दोन प्रकारची असते हे शेडात राबलेल्या माणसाला विचारा. नेहमीची ती पांढऱ्या टोपीची, आणि मधूनच एक चॉकलेटी, चिकट, फेसाळ, वासानं डोकं उठवणारी. नवीन माणूस घाबरतो, हगवण लागली म्हणून औषध आणायला पळतो. पण ती अंधनळीतली असते. कोंबडी साफ करताना बघा, आतडं जिथं संपत येतं तिथं दोन लांब बंद पिशव्या लोंबत असतात, वीतभर नसतील पण बोटापेक्षा लांब, गडद रंगाच्या. हीच पक्ष्यांमधली जिवाणूंची खरी राजधानी, इथं ऑक्सिजन नाही, घाई नाही, न पचलेला कोंडा-धागा इथं आंबवला जातो. कोंबडी, मोर, तित्तिर यांच्यात या पिशव्या मोठ्या, आणि चिमणी, बुलबुल, साळुंकी यांच्यात नुसत्या दोन फुणग्या. त्यामुळं 'पक्ष्यांचा मायक्रोबायोम' असं सरसकट कोण बोललं की मला थोडं खटकतं, मोराचं पोट आणि शिंजिराचं पोट या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

आणि गंबोरो! पोल्ट्रीवाल्यांचा जीव ज्या रोगाच्या नावानं वरखाली होतो तो. तो विषाणू पक्ष्याच्या शेपटीकडच्या एका गाठीवर हल्ला करतो, फॅब्रिशियसची बर्सा, फॅब्रिशियस हा चारशे वर्षांपूर्वीचा इटलीतला शरीरशास्त्रज्ञ. ही बर्सा शीट बाहेर पडते त्या वाटेलाच जोडलेली असते आणि तिथून बाहेरचे जिवाणू आत ओढून घेऊन प्रतिकारशक्तीच्या पेशींना दाखवते, की हे बघून ठेवा, यांना ओळखा. आपल्या रक्तातल्या बी-पेशींना 'बी' हे नाव या बर्सावरूनच पडलंय. म्हणजे पक्षी मागच्या दारानं पण जिवाणू आत घेतो. लहानपणी बर्सा गेली की पिल्लू कुठल्याही जंतूपुढं हतबल, म्हणून गंबोरोच्या लशीचे डोस चुकवायचे नसतात.

बरं, घरट्याचं महत्त्व तपासायचं तर निसर्गानं आयता प्रयोग करून ठेवलाय. मे-जूनमध्ये आमच्याकडं फणसावर कावळीच्या मागं मागं कोकिळेचं पिल्लू ओरडत फिरतं आणि ती बिचारी त्याच्या घशात काय काय कोंबत असते, भाताचं शीत काय, कोळंबीचं डोकं काय. रक्त कोकिळेचं, घर कावळ्याचं, मग पोट कुणाचं? अगदी असाच प्रश्न स्पेनमध्ये ठिपकेवाल्या मोठ्या कोकिळावर विचारला गेला, हा आपल्या चातकाच्याच वंशातला, आणि तो मॅगपायच्या घरट्यात अंडी घालतो, मॅगपाय म्हणजे कावळ्यांच्याच खानदानातला. २०१८ मध्ये निकाल आला तो दोघांनाही खूश करणारा: कोकिळाच्या पिल्लाच्या पोटात सरमिसळ होती, काही बाजू सोबत वाढलेल्या मॅगपायच्या पिल्लांसारखी आणि काही ज्यांचं तोंडही बघितलं नाही त्या मोठ्या कोकिळांसारखी. म्हणजे घराणं अगदीच मुकं नाहीये, शरीराची आतली घडण, आम्ल किती, आतडं किती लांब, हे सगळं जातीनुसार ठरतं आणि ते कुणाला राहू द्यायचं कुणाला नाही ते निवडतं.

अमेरिकेत सारा हर्ड यांनी काऊबर्डवर काम केलं, तो पण दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकणारा. २०१४ मध्ये त्यांना दिसलं की पक्षी कुठल्या ठिकाणी पकडला हे त्याच्या जिवाणूंवरून जितकं कळतं तितकं जातीवरून नाही कळत. वाह, म्हणजे पत्ता जिंकला! आणि पुढच्याच वर्षी त्याच बाईंनी मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या ५९ प्रजाती घेतल्या तर तिथं सगळ्यात ठळक निघाली ती जात. मला हे असलं फार आवडतं, एकाच माणसानं एका वर्षात आपल्याच निकालाला दुसरी बाजू दाखवणं. दोन्ही खरं आहे. खूप वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवल्या की जात दिसते, एकच जात वेगवेगळ्या गावांतून घेतली की गाव दिसतं. पण तरी माझं मत विचाराल तर पक्ष्यांमध्ये गावाचं वजन सस्तनांपेक्षा जास्त आहे, आणि ते नुसतं पाणी-माती म्हणून नाही तर गाव बदललं की ताट बदलतं म्हणून.

ताटाचा टोकाचा नमुना बघायचा असेल तर ॲमेझॉनचा होआत्झिन. पक्षी असून मुख्यतः पानं खातो, आणि गायीसारखा पुढच्या बाजूला आंबवतो, गळ्यातली पिशवी एवढी मोठी की उडायच्या स्नायूंना जागा उरत नाही, म्हणून उडतो धडपडत, आणि अंगाला शेणासारखा वास. त्याच्या त्या पिशवीत गायीच्या पोटातल्यांसारखे काही जिवाणू-गट सापडलेत. उडायचं का आंबवायचं यातलं त्यानं आंबवायचं निवडलं.

आणि ताट काढून घेतलं तर काय होतं ते युरोपातल्या कॅपरकैलीनं दाखवलं. हा मोठा रानकोंबडा, हिवाळ्यात पाईनच्या कडू सुया खाऊन राहतो, त्यातलं विषारी द्रव्य पचवायला अंधनळीतले जिवाणू कामी येतात. पिंजऱ्यात वाढवून, तयार खाद्य घालून, हे पक्षी रानात सोडले की तग धरत नाहीत. २०११ च्या अभ्यासात पिंजऱ्यातल्यांच्या अंधनळीतली वस्ती रानातल्यांपेक्षा फार वेगळी निघाली, आणि पक्षी न जगण्यामागं हे एक कारण असणार असा संशोधकांचा कयास. आपल्याकडं माळढोक वाचवायला पिल्लं हातानं वाढवतायत, ते वाचलं की मला हेच आठवतं, की त्यांना किडे-टोळ खायला घालतात तसं त्यांच्या पोटातल्या मंडळींचं पण कोणतरी बघत असेल ना.

आता पाहुण्यांकडं येते, कारण धुपदाळच्या करकोच्यांपासून सुरू केलं होतं. हजारो किलोमीटर उडणारा पक्षी जागोजागी थांबतो, नवं पाणी, नवा चिखल, मग त्याच्या पोटात सगळ्या थांब्यांचे जिवाणू जमत असणार, बरोबर? शिवाय लांब उडायच्या आधी गॉडविटसारखे पक्षी आतडीच आकसून घेतात, वजन नको म्हणून, १९९८ मध्ये हे लिहिलं गेलं, आणि पोचल्यावर परत वाढवतात, म्हणजे अख्खी वस्तीच मोडून परत बसवायची. ॲलिस रायस्ली यांनी ऑस्ट्रेलियात लालमानेच्या टिलव्यांवर (चिखलात चरणारे छोटे पक्षी) बघितलं, सायबेरियाहून नुकते आलेले आणि वर्षभर तिथंच राहिलेले असे दोन्ही घेऊन, आणि निकाल उलटा, आलेल्यांच्या पोटात स्थानिक जिवाणू वाटलं होतं तसे घुसले नव्हते, बाकी फारसा फरक नाही, फक्त कोरीनेबॅक्टेरियम नावाचा गट मात्र प्रवासातून आलेल्यांत प्रचंड वाढलेला. पुढं बाकचोच तुतारीत पण तसंच दिसलं, आणि ही तुतारी भारतात पण येते. म्हणजे प्रवासाचा ताण स्वतःच एक गाव झाला म्हणायचा. मला हा सगळ्यात चकवणारा निकाल वाटतो, कारण पत्त्याची थिअरी इथं सरळ सरळ लंगडी पडते.

गिधाडाचं पण ऐकून ठेवा, जेवताना वाचत नसाल तर. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन जातींची तपासणी झाली, चेहऱ्याच्या कातडीवर सरासरी ५२८ प्रकारचे सूक्ष्मजीव आणि आतड्यात फक्त ७६. सडक्या मढ्यात डोकं खुपसल्यावर तोंडाला लागणारच, पण पोटातल्या जहाल आम्लातून बहुतेक पार होतच नाहीत, जे होतात ते मुख्यतः क्लॉस्ट्रिडिया आणि फ्युझोबॅक्टेरिया, आपल्याला आडवं करतील असले, आणि ते तिथं सुखानं नांदतात.

आणि संगत. सेशेल्समधल्या कझिन बेटावर एक छोटा वटवट्या आहे, त्याच्यात आईबापाबरोबर इतर पक्षी पण पिल्लं वाढवायला मदत करतात. तिथं दिसलं की जे पक्षी एका घरट्याभोवती जवळून वावरतात त्यांच्यात ऑक्सिजन न चालणारे जिवाणू जास्त सारखे असतात. साहजिक आहे, ते उघड्या हवेत टिकत नाहीत, त्यांना एका पोटातून दुसऱ्या पोटात जायचं तर अगदी खेटून बसलेला शेजारी लागतो. आमच्या इथं सातभाई बघा संध्याकाळी, एका फांदीवर इतके घट्ट बसतात की कुणाचं डोकं कुणाचं कळत नाही, मग मधल्याला जागा नाही म्हणून टोकाचा उडून परत मध्ये घुसतो, सगळी ओळ हलते, शिव्या देत देत परत चिकटते. त्यांच्या पोटात काय काय देवाणघेवाण चालत असेल याची मी नुसती कल्पनाच करत बसते.

हे सगळं वाचून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते, गायबगळे. बळ्ळारी नाल्याकाठच्या भातशेतीत रोपलागणीच्या वेळी ट्रॅक्टरमागं बगळ्यांची रांग लागते, बेडूक, किडे, चिखलातले जीव खातात. आणि तेच, अगदी त्याच जातीचे बगळे, शहराच्या कचरा डेपोवर घारींबरोबर माश्या आणि चिकनच्या दुकानातलं उरलंसुरलं खाताना दिसतात. जात एक, हवा एक, ताट मात्र जमीन-अस्मान. डेपोवरच्या चिकनच्या टाकाऊ मालाबरोबर शेडातली औषधं आणि त्यांना दाद न देणारे जिवाणू पण येत असणार ही भीती आहेच, कोलिस्टिन हे शेवटचं राखून ठेवायचं अँटिबायोटिक पोल्ट्रीत वापरायला आपल्याकडं २०१९ मध्ये बंदी आली ती याच धास्तीनं, आणि परदेशात कचऱ्यावर जगणाऱ्या समुद्रपक्ष्यांत औषधांना न जुमानणारा ई. कोलाय सापडलेलाच आहे. दोन्हीकडचे बगळे घेऊन तुलना करायला काय मजा येईल! पण पक्षी धरायचा म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी हवी, ती मिळवायला विद्यापीठातला कोणतरी गाईड हवा, आणि सीक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनए वाचून घ्यायचा, खर्च माझ्या पगारात बसत नाही, त्यामुळं सध्या मी कोण कुठं काय खातंय एवढंच वहीत लिहिते. (आणि हो, पारव्यांची वाळलेली शीट कोरडीच झाडू नका, आधी पाणी मारा, तोंडाला फडकं बांधा, ती धूळ फुप्फुसात गेली तर वाईट.)

निकाल काय लागेल? शहरातल्या पक्ष्यांचं उत्तर जगात पण एक नाहीये. बेल्जियममध्ये शहरी चिमण्यांच्या पोटात जिवाणूंची विविधता गावातल्या चिमण्यांपेक्षा कमी निघाली, आणि त्याच वर्षी, २०१८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या दुसऱ्या एका जातीच्या चिमण्यांत शहरातल्यांकडं जास्त निघाली. माझी पैज आहे की आमच्या डेपोवरच्या बगळ्यांत पण जास्तच निघणार, कारण तिथं रोज नवीन काहीतरी येऊन पडतंय. ग्रुपमधला एक जनावरांचा डॉक्टर आहे तो म्हणतो, "बे, रोज तेच चिकन खाऊन कुठली आलीय व्हरायटी", आणि बेल्जियमच्या चिमण्या त्याच्या बाजूनं आहेत, हे मला कबूल करायला लागतं.